सायकलीचं विमानभाडं

रविवारी पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला उभं राहिलं, की तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला या क्रमानं सायकलस्वारांचे जथे लोणावळ्याकडे सरकताना दिसतात. द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव, म्हणून सगळी गर्दी जुन्या रस्त्यावर. समोरून बोरघाट चढून आलेले, शिंग्रोबाला हात जोडून पुढे निघालेले घामाघूम मुंबईकर भेटतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब याच चढावर ठरत आला आहे. जानेवारी २०२६ मध्ये तर पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळाच्या नावानं ओळखला गेला. परदेशी संघांच्या सायकली त्या वेळी विमानाच्या पोटातून आल्या. व्यावसायिक संघाला त्या भाड्याची फिकीर नसते. हौशी माणसाला ते स्वतःच्या खिशातून भरावं लागतं, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

असाच एक वाद लोणावळ्यातल्या एका घराच्या पडवीत रंगला. एका बाजूला मामा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभी हयात घालवून निवृत्त झालेले, कुठल्याही वस्तूकडे बघून आधी तिचं वजन आणि मग किंमत सांगणारे. दुसऱ्या बाजूला भाची. तळेगावच्या एमआयडीसीत इंजिनीअर, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल सफरी, करणारी. तिच्या पाच जणांच्या गटाचा बेत असा : डिसेंबरात मावळातून निघायचं, सोळाशेच्या आसपास किलोमीटर तोडून कन्याकुमारी गाठायची, आणि तिथून नव्वदेक किलोमीटरवरच्या तिरुअनंतपुरमहून सायकलीसकट विमानानं पुण्याला परतायचं.

"सोळाशे किलोमीटर सायकलीवर बसून जायचं आणि येताना सायकलीलाच विमानात बसवायचं," मामा म्हणाले. "गाडी आहे ना? पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस. तिकडेच सुटते, इकडेच संपते."

"दीड दिवस लागतो मामा त्या गाडीला. जाताना रजा संपलेली असते. येताना आणखी दोन रजा टाकायच्या म्हणजे दोन दिवसांचा पगार गेला. तो तुम्ही हिशेबात धरतच नाही."

"आणि तू सायकलीचं वजन धरत नाहीस."

मामांचा हा टोला बरोबर बसला, कारण सगळं प्रकरण वजनापाशीच अडतं. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान पोटात आणि ७ किलो हातात नेऊ देतात. रस्त्यावर पळवायची अ‍ॅल्युमिनियमची सायकल ९-१० किलोंची, हायब्रिड १२-१३ किलोंची, आणि कॅरिअर-मडगार्ड लावलेली स्टीलची टूरिंग सायकल त्याहून जड. त्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचे चार-पाच किलो. म्हणजे कार्बनच्या सायकलवाल्याचं जेमतेम निभावतं आणि स्टीलवाला काउंटरवर पोचण्याआधीच हरलेला असतो. शिवाय काही कंपन्यांची १५ किलोंबरोबर 'नग एकच' अशीही अट असते. खोका हा एक नग झाला, की कपड्यांची पिशवी दुसरा नग ठरते आणि तिचे वेगळे पैसे पडतात.

"समजा काउंटरवर जादा किलोला ६०० रुपये लावले," मामा बोटं मोडत म्हणाले. "पाच किलो जास्त भरलं, तीन हजार गेले. स्लीपरचं तिकीट काढून वर जेवणखाण होईल तेवढ्यात."

"काउंटरवर कोण भरतं? तिकीट काढतानाच जादा किलो विकत घ्यायचे. तिथे स्वस्त पडतात. काउंटर ही सगळ्यात महाग जागा, मामा. तिथे गेल्यावर आपल्या हातात काहीच नसतं आणि त्यांना ते माहीत असतं."

या महागाईला छोटासा इतिहास आहे. २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं १५ ते २० किलोंच्या दरम्यानच्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून दर ज्याचा त्यानं ठरवायचा. २०२१ मध्ये पोटात सामान न देणाऱ्या प्रवाशाला स्वस्त तिकीट विकायचीही मुभा कंपन्यांना मिळाली. तिकीट शोधताना सगळ्यात वर दिसणारं स्वस्त भाडं कधीकधी या जातीचं असतं. सायकलवाल्यानं ते घेतलं, तर पहिल्या किलोपासूनच मीटर चालू होतो.

भाचीनं मग कुरिअरचा पर्याय काढला. सायकल आधीच घरी पाठवून द्यावी आणि आपण हात हलवत विमानात बसावं. इथे मामा खुलले, कारण हे त्यांचं राज्य.

"खोक्याचं माप सांग."

"एकशे चाळीस बाय ऐंशी बाय वीस. सेंटिमीटर."

"गुणाकार कर. दोन लाख चोवीस हजार. हवाई कुरिअरवाला त्याला पाच हजारांनी भागतो. आले जवळजवळ पंचेचाळीस. तुझी सायकल पंधरा किलोंची असली तरी तो पैसे पंचेचाळीस किलोंचे घेणार. त्याला वजनाशी नाही, अडवलेल्या जागेशी देणंघेणं."

हा हिशेब बारकाईनं पाहण्यासारखा आहे, कारण त्यातून उलटं सत्य बाहेर येतं. प्रवाशाच्या सामानाला विमान कंपनी काट्यावरचं खरं वजन लावते. मापासाठी फार तर वेगळा, ठरावीक आकार घेते. त्यामुळे मोठी पण हलकी वस्तू हवेतून न्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तिच्याबरोबर स्वतः प्रवासी होऊन जाणं. मामांना हे कबूल करावं लागलं, पण त्यांनी ते कबूल केलं ते मान न हलवता.

आकाराची गोष्टही इथेच उरकू. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर म्हणजे ६२ इंच, ही जगभरच्या विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा. सायकलीचा खोका २४० च्या घरात जातो, म्हणून तो 'खेळाचं सामान' या खान्यात ढकलला जातो आणि त्या खान्याचा नियम प्रत्येक कंपनीचा निराळा. या एका आकड्यापायी सायकली बनवणाऱ्यांनी काय काय केलं आहे! अमेरिकेत सांगाडा मधोमध उघडता येणारे जोड निघाले. अशी सायकल २६ बाय २६ बाय १० इंचांच्या पेटीत बसते, आणि त्यांची बेरीज बरोबर ६२. इंग्लंडची ब्रॉम्प्टन घडी घातल्यावर जेमतेम १४२ सेंटिमीटर भरते. पण ब्रॉम्प्टन आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते. विमानाचे दोन-तीन हजार वाचवायला लाखाची सायकल घेणारा माणूस बचत करतो असं म्हणायचं, तर मामांच्या भाषेत त्याचं खातंच वेगळ्या बँकेत असावं.

पुढचा वाद खोक्यावरून झाला. बाजारात टणक प्लास्टिकच्या चाकाच्या पेट्या मिळतात. सायकल त्यात सुरक्षित राहते, पण पेटीच दहा-बारा किलोंची. देशांतर्गत मर्यादेत ती बसवणं म्हणजे रिकामी पेटी फिरवून आणणं. भाचीचा गट पुठ्ठेवाला आहे. नव्या सायकली दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात आणि ती खोकी शेवटी रद्दीत जातात. पुण्यातल्या किंवा तळेगावातल्या दुकानदाराला आठवडाभर आधी सांगितलं, तर तो खुशीनं एक बाजूला ठेवतो.

"इकडचा दुकानदार ठेवेल. तिकडचा?" मामांनी विचारलं. "तुम्ही सायकली चालवत जाणार. खोकी काय पाठीवर बांधून नेणार?"

प्रश्न रास्त होता. एका बाजूनं चालवत जायचं असेल, तर परतीचा खोका मुक्कामाच्या गावी शोधावा लागतो. भाचीनं तिरुअनंतपुरमच्या एका सायकल दुकानाशी फोनवर बोलून ठेवलं होतं. त्यात भाषेची थोडी गंमत झाली, पण खोकी कबूल झाली. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी इंग्लंडच्या सायकलस्वारांच्या संघटनेनं जुन्या काळी लोकप्रिय केलेला एक उपाय आहे : सायकल जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. आत सायकल आहे हे हमालाला दिसतं, म्हणून तो ती उभी धरतो आणि तिच्यावर दुसऱ्या बॅगा रचत नाही, असा त्यामागचा विचार. पिशवीचं वजन जवळजवळ शून्य. आपल्याकडच्या कंपन्या मात्र खोका किंवा सायकलीची बॅग मागतात, आणि बांधणी समाधानकारक वाटली नाही तर 'मोडल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा अर्थाच्या चिठ्ठीवर सही घेतात. त्या सहीचं मोल पुढे येईलच.

सायकल खोलायला काय लागतं? फार नाही. पेडलं काढायची, त्यात डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात आणि हे न कळल्यानं पहिल्या खेपेला बरेच जण ते सोडवण्याऐवजी आणखी आवळून बसतात. सीट खाली, हँडल वळवून सांगाड्याला समांतर, पुढचं चाक बाहेर. मागचा डिरेल्युअर सोडवून आतल्या बाजूला बांधला, तर त्याचा हँगर वाकत नाही. हा दोन बोटांएवढा तुकडा वाकला, की गिअर पडेनासे होतात. पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकची दांडी अडकवायची. ती सायकल दुकानात फुकट मिळते, कारण नव्या सायकलीबरोबर येते. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठा. हे सगळं स्वतःला आलं, की दोन्ही टोकांना दुकानदाराला द्यायची मजुरी वाचते.

आणि टायरमधली हवा? "ती पूर्ण सोडायची, नाहीतर वर गेल्यावर फुटतं," असं मामांनी कुठेतरी ऐकलं होतं. भाचीतली इंजिनीअर जागी झाली. विमानाच्या पोटातही हवेचा दाब राखलेला असतो, तो साधारण ८,००० फुटांवरच्या दाबाइतका. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, तिथे तो ११ च्या जवळ. म्हणजे ८० पीएसआय भरलेल्या टायरवर वरचा ताण येतो चारएक पीएसआयचा. लोणावळ्याच्या उन्हात दुपारभर उभी केलेली सायकल असला फरक निमूट सोसते. तरीही काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवत बसू नये. कंपनीचा नियम आहे, हवा कमी करावी. रिम वाचेल एवढी ठेवावी.

खरा धोका दुसऱ्याच दोन गोष्टींचा. पॉवर बँक खोक्यात राहिली तर सुरक्षा तपासणीत खोका उघडतात, कारण ती फक्त हातातल्या सामानात चालते. आणि बॅटरीवर चालणारी सायकल प्रवासी विमानात जवळजवळ बादच : १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि ई-सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. उलट पाना, एलन की, मल्टिटूल हे हातातल्या बॅगेत सापडले तर तिथेच ठेवून जावे लागतात. ते खोक्यात, पॉवर बँक हातात. ही अदलाबदल झाली, की चांगलं मल्टिटूल सुरक्षा तपासणीच्या टोपलीत जमा.

"झालं तुझं?" मामा म्हणाले. "आता गाडीचं ऐक."

"ऐकते. स्लीपरला चाळीस किलो सामान फुकट, बरोबर ना? मग सायकल फुकटच."

"चूक. चाळीस किलो फुकट, पण सायकल-स्कूटरला ती सवलत लागू नाही. सायकलीचे पैसे पडतात. थोडे पडतात, पण पडतात. न बुक करता डब्यात घुसवली आणि पकडली, तर सहापट."

यानंतर मामांनी जे सांगितलं ते कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत एकत्र सापडणार नाही. रेल्वेत सायकल दोन तऱ्हांनी जाते. तिकीट दाखवून 'लगेज' म्हणून बुक केली, तर ती आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये चढते. तिकिटाशिवाय 'पार्सल' म्हणून दिली, तर जागा असेल त्या गाडीनं जाते, आणि ती उद्या पोचेल की चार दिवसांनी हे सांगणारा माणूस जन्माला यायचा आहे. लगेज गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी ऑफिसात हजर हवं. मामांच्या मते दोन तास. सायकलीवर नाव, फोन आणि दोन्ही स्थानकांची नावं ठळक अक्षरांत दोन ठिकाणी. जुन्या प्रवासाचं लेबल फाडून टाकायचं, नाहीतर सायकल मागच्या वर्षीच्या गावाला जाऊन येते. काही गाड्यांच्या ब्रेक व्हॅनमधली जागा खासगी ठेकेदारांना भाड्यानं दिलेली असते, म्हणून आधी विचारायचं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," ते पुढे म्हणाले, "मधल्या स्टेशनात चढवायची-उतरवायची नाही. आपल्या लोणावळ्याला गाडी दोन-चार मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेक व्हॅन उघडून, आतल्या पेट्या बाजूला सारून तुझी सायकल कोण काढणार? ती जाते मुंबईला. म्हणून गाडी सुटते तिथे चढवायची, संपते तिथे उतरवायची. तुझ्या नशिबानं कन्याकुमारीची गाडी दोन्हीकडे तशीच आहे."

इथे भाची पहिल्यांदा गप्प झाली. मग तिनं तिच्या गटाला सतावणारा प्रश्न विचारला : मोडली तर?

उत्तर दोन्ही बाजूंना थंड करणारं आहे. रेल्वेत किंमत जाहीर करून तिचा जादा आकार भरला नसेल, तर लगेजची भरपाई किलोला १०० रुपयांपर्यंत. चौदा किलोंच्या सायकलीचे चौदाशे रुपये. तेवढ्यात एक बरा टायरही येत नाही. देशांतर्गत विमानात हरवलेल्या किंवा मोडलेल्या सामानाची जबाबदारी प्रवाशामागे जास्तीत जास्त २० हजार रुपये. ऐंशी हजारांच्या सायकलीला दोन्ही अपुरे, पण त्यांच्यातला फरक चौदा पटींचा आहे. वर सांगितलेल्या चिठ्ठीवर सही केली असेल, तर विमानाच्या बाजूनंही हात आखडतात. म्हणून खोका बंद करण्याआधी आतले फोटो, बंद केल्यावर बाहेरचे फोटो, आणि विमानतळाच्या दाराबाहेर पडण्याआधी खोका उघडून पाहणं. विमानतळाबाहेर पडून रिक्षात बसल्यावर केलेल्या तक्रारीला फार कोणी भीक घालत नाही.

"बघा," भाची म्हणाली, "मोडतोडीचा विचार केला तर विमानच स्वस्त."

"मोडतोडीचा विचार केला तर घरी बसणं सगळ्यात स्वस्त," मामा म्हणाले.

देशाबाहेर मात्र मामांची गाडी पोचत नाही आणि हिशेब मुळापासून बदलतो. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. समुद्र आडवा आला की त्यांना जहाज धरावं लागे. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी जगप्रदक्षिणेला निघाली. पर्थहून सुरुवात करून १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत तिनं डिसेंबरात कोलकाता गाठलं. खंड बदलताना तिला विमानाशिवाय गत्यंतर नव्हतं. अशा विक्रमांचा नियमच तसा आहे : सायकलीवर निदान १८ हजार मैल, आणि विमान-जहाज धरून एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीइतका. सुटी करा, बांधा, उतरल्यावर पुन्हा जोडा, हे त्यात प्रत्येक समुद्रापाशी आलंच.

भाचीच्या डोक्यात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. १८९१ पासूनची, आता दर चार वर्षांनी होणारी १,२०० किलोमीटरची सफर, वेळ ९० तास. पुढची २०२७ च्या ऑगस्टात. तिथे जायला त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या कराव्या लागतात; पुण्याच्या आसपास त्या घडतात आणि मावळातला रस्ता त्यांना चांगलाच ओळखीचा आहे. एवढं करून पात्र झालेल्या माणसाला तिथे भाड्याची, मापाला न जमणारी सायकल घेऊन नव्वद तास बसायला सांगणं हा क्रूरपणा ठरेल. मामांनीही तो मुद्दा ताणला नाही. लेहला चार दिवस मजेत फिरायचं असेल, तर भाड्याची सायकल बरी. १०,६०० फुटांवरच्या त्या विमानतळावरून विरळ हवेमुळे विमानं कमी भार घेऊन उडतात आणि गर्दीच्या दिवसांत मोठं सामान मागे राहू शकतं. पण मोठ्या ब्रेव्हेला स्वतःचीच सायकल हवी.

परदेशी प्रवासात दोन पद्धती आहेत : वजनाची आणि नगाची. अमेरिका-कॅनडाच्या वाटेवर बहुधा २३-२३ किलोंचे दोन नग मिळतात. खोका २३ किलोंच्या आत बसला आणि कंपनी सायकलीला साधा नग मानत असेल, तर सायकल फुकट जाते. ब्रिटिश एअरवेजसारख्या काही कंपन्या १९० बाय ७५ बाय ६५ सेंटिमीटरपर्यंतचा सायकलीचा खोका नेहमीच्या सामानातच धरतात. अमेरिकन एअरलाइन्स पूर्वी सायकलीचे १५० डॉलर घ्यायची. २०१९ मध्ये तिनं ते बंद केलं आणि मर्यादेतला खोका साध्या बॅगेच्या भावात घ्यायला सुरुवात केली. उलट युरोपातल्या कित्येक स्वस्त कंपन्या वजन काही असो, सायकलीचा वेगळा आकार लावतात. म्हणून पॅरिसचं तिकीट दोन तुकड्यांत, दोन कंपन्यांचं घेतलं, तर सायकलीचे पैसे दोनदा. सलग एका पीएनआरवरचं तिकीट वर तीन-चार हजारांनी महाग दिसलं, तरी शेवटी स्वस्त पडू शकतं.

"दोन नगांतला एक सायकलीला दिला," मामा म्हणाले, "तर मुलाकडे न्यू जर्सीला जाणाऱ्या आईनं लाडू-मसाले कशात भरायचे?"

"ती आई सायकल नेत नाही, मामा."

"नेईलही एखादी."

परदेशी प्रवासाच्या दोन बारक्या गोष्टी खर्चाच्या दृष्टीनं मोठ्या आहेत. महाग सायकल नेताना निघतानाच कस्टमकडून 'एक्स्पोर्ट सर्टिफिकेट' घेतलं, तर परतताना ती नवी विकत आणली नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही. आणि आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराखाली मोडक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबी एकक) झाली. आजच्या भावानं ते साधारण दोन हजार डॉलर. म्हणजे सायकलीला खरी भरपाई मिळण्याची आशा देशातल्यापेक्षा परदेशच्या वाटेवर जास्त आहे.

शेवटचा खर्च लोणावळेकरांच्या ध्यानात उशिरा येतो. मुंबईहून तिकीट दीड हजारांनी स्वस्त दिसतं, पण सव्वा मीटरच्या वर लांब असलेला खोका छोट्या टॅक्सीत मावत नाही. मोठी गाडी, द्रुतगती मार्गाचा टोल, परतीचं रिकामं भाडं, यात ते दीड हजार कधीच उडालेले असतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आणि लोणावळ्याला मुंबईपेक्षा जवळची सोय झाली. तरी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जायची भाचीची युक्ती सगळ्यात कमी खर्चाची आहे. दुमडलेला खोका आदल्या दिवशी पुण्यातल्या मित्राकडे पोचवायचा, सकाळी सायकल चालवत सत्तरेक किलोमीटर जायचं आणि त्याच्याच घरी बांधाबांध करायची. मामांनी या युक्तीला एकच शब्द खर्च केला : "चालेल."

कन्याकुमारीचा निर्णय त्यांनी असा लावला. पाचांपैकी दोघांकडे रजा शिल्लक होती. ते पुणे-कन्याकुमारी गाडीनं, सायकली लगेजमध्ये बुक करून येणार. उरलेले तिघे विमानानं. तिघांचं तिकीट एका पीएनआरवर, म्हणजे कंपनीनं वजन एकत्र धरू दिलं तर एकाची स्टीलची सायकल दुसऱ्याच्या कार्बनच्या सायकलीला सांभाळून घेईल. जादा किलो आधीच घेतलेले. पाचही सायकली गाडीनं पाठवण्याचा मामांचा आग्रह भाचीनं मोडून काढला, कारण लगेज तिकीटवाल्याच्या नावावर जातं, आणि दोघांच्या गळ्यात पाच सायकली टाकणं तिला पटलं नाही. पार्सल म्हणून टाकल्या तर वेळेवर सोडवायला जावं लागतं. उशीर झाला तर जागेचं भाडं चढतं.

मामांचा हिशेब देशातल्या प्रवासाला लागू पडतो : वेळ असेल आणि गाडी दोन्ही टोकांना सुटणारी-संपणारी असेल, तर सायकलीला रेल्वेइतकं स्वस्त दुसरं काही नाही. वेळ नसेल किंवा समुद्र आडवा असेल, तर भाचीचा. त्या हिशेबात पैसे वाचतात ते घरच्या वजनकाट्यावर आणि तिकीट काढण्याच्या दिवशी. विमानतळावर वाचत नाहीत. वाचकांपैकी कोणी या मोसमात सायकल घेऊन उडणार असेल, तर तिकीट काढाल त्याच दिवशी त्या कंपनीचं सायकलीच्या नियमांचं पान छापून घ्या आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा. दर बदलतात, आणि काउंटरवरच्या माणसालाही प्रत्येक नियम पाठ नसतो.